पाळणाघराचा खर्च आणि अनुदान: हिशोब कसा मांडावा

मोठ्या शहरात पाळणाघर शोधताना पालक आधी महिन्याचे शुल्क विचारतात, परंतु हिशोब वर्षाचा मांडावा. प्रवेशशुल्क, अनामत रक्कम, जेवण, मुलाला उशिरा नेल्यास होणारा दंड आणि पाळणाघर बंद असतानाही भरावे लागणारे शुल्क, हे सारे त्यात धरावे. मूल रुळेपर्यंतचे पहिले दिवस तर विसरूच नयेत, कारण तेव्हा मूल जेमतेम तासभर थांबते, शुल्क मात्र बहुधा पूर्ण द्यावे लागते आणि आईला किंवा वडिलांना रजा काढावी लागते ती वेगळीच. तान्ह्या बाळाचे शुल्क सहसा सर्वाधिक असते. इंग्लंडच्या नियमांनुसार दोन वर्षांखालील दर तीन बाळांमागे किमान एक सांभाळणारी व्यक्ती लागते. यावरून वेतनाचा भार किती असतो, हे लक्षात येईल. मूल मोठे होईल तसा हा भार हलका होतो, म्हणून पुढच्या दोन-तीन वर्षांचा अंदाजही आत्ताच काढून ठेवावा.

अनुदानाचे स्वरूप ठिकठिकाणी निराळे असते. स्वीडनमध्ये 2002 पासून पालकांचे शुल्क उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांवर ठरते आणि त्याला कमाल मर्यादा आहे. बर्लिनमध्ये 2018 पासून शुल्क माफ आहे, तरी जेवणाचा वाटा पालकांनाच भरावा लागतो. काही ठिकाणी करसवलत मिळते, पण ती वर्षअखेरीस हाती येणार असेल, तर तोवरचे पैसे दरमहा स्वतःच उभे करावे लागतात.

‘मोफत तास’ हा शब्द दिसला की थांबून गुणाकार करावा, असे मी आग्रहाने सांगेन. इंग्लंडमध्ये पात्र नोकरदार पालकांना आठवड्याला 30 तास मिळतात, पण वर्षातले 38 आठवडेच. म्हणजे वर्षाचे 1140 तास झाले; ते 52 आठवड्यांवर पसरले तर आठवड्याला 22 तासही भरत नाहीत. नोकरी आणि प्रवास मिळून 45 तास लागत असतील, तर निम्म्याहून अधिक वेळ पालकांच्याच खर्चाने भरून काढायचा असतो.

अनुदान देणाऱ्या कार्यालयाचा मान्य दर आणि पाळणाघराचे प्रत्यक्ष शुल्क यांत फरक असल्यास तो कोण भरणार, हे प्रवेशापूर्वी लेखी घ्यावे. ते पाळणाघर योजनेत नोंदलेले आहे ना, याचीही तेव्हाच खात्री करावी. अर्ज लवकर करावा, कारण अनेक योजनांत मंजुरीपूर्वीचा खर्च मिळत नाही. पगारपत्रके, रहिवासाचा पुरावा आणि मुलाचा जन्मदाखला यांच्या प्रती आधीच काढून ठेवल्यास अर्ज अडून राहत नाही. पुढे पगार वा कामाचे तास बदलले, तर ते त्याच महिन्यात कळवावे. जास्त मिळालेले अनुदान पुढे एकरकमी परत मागितले गेले, तर लहान मुलाच्या घराला ते फार जड जाते.