एसीएलचा कोड लिहायला बसण्याआधीची तयारी

लिनक्सवर एसीएलला (म्हणजे फाइलवर माणसागणिक वेगळी परवानगी देणाऱ्या यादीला) हात घालणारा सी प्रोग्रॅम लिहायचाय ना, मग एडिटर उघडायच्या आधी एवढं करून ठेवा. डेबियन-उबंटूवर लिबएसीएल१-डेव्ह पॅकेज टाका आणि लिंक करताना -एलएसीएल द्या, नाहीतर अनडिफाइन्ड रेफरन्सची रांग लागेल. फाइलसिस्टीम पण बघून घ्या, एक्स्ट४ वर चालतं, पेनड्राइव्हच्या फॅटवर नाही.

आता मास्क, म्हणजे यादीत काहीही दिलेलं असलं तरी प्रत्यक्षात जास्तीत जास्त किती परवानगी चालेल ती मर्यादा, हा कागदावर काढूनच समजून घ्या कारण खरा घोळ इथेच होतो. फाइलचा मालक आणि अदर (बाकीचे सगळे) या दोघांना मास्क लागत नाही, नाव घालून दिलेले युजर, नाव घालून दिलेले ग्रुप आणि फाइलचा स्वतःचा ग्रुप, या तिघांना लागतो. म्हणजे आशाला आरडब्ल्यू (वाचणं-लिहिणं) दिलंय पण मास्क नुसता आर (वाचणं) आहे तर आशाला वाचता येईल, लिहिता नाही, एसीएल दाखवणारी गेटएफएसीएल कमांड त्या ओळीपुढे इफेक्टिव्ह म्हणून खरी परवानगी दाखवते ती बघायची सवय लावा. आणि एलएस -एल मधे शेवटी अधिकचं चिन्ह दिसलं की मधले तीन बिट ग्रुपचे नसून मास्कचे आहेत हे लक्षात ठेवा, त्यामुळे सीएचमॉड ६०० (फक्त मालकाला वाचणं-लिहिणं) मारलं की मास्कच रिकामा होतो आणि एसीएलमधे नावं असलेली सगळी माणसं एका झटक्यात बाहेर.

आमचा जवळजवळ आठवडा यात गेलाय. शेअर्ड फोल्डरवर डिफॉल्ट एसीएल (आत बनणाऱ्या नव्या फाइलला आपोआप लागणारा) नीट लावलेला, तरी प्रोग्रॅमने सेव्ह केलेली फाइल बाकीच्यांना उघडेना. कारण काय तर एमकेएसटेम्प हे फंक्शन तात्पुरती फाइल ०६०० ने बनवतं, डिफॉल्ट एसीएलमधली नावं सगळी खाली उतरतात पण मास्क त्या ०६०० शी अँड होऊन शून्य होतो, आणि मग तीच फाइल रिनेम होऊन जुनीच्या जागी बसते. आम्ही यूमास्क (नव्या फाइलच्या परवानग्या कापणारी सेटिंग) बदलून बघत बसलो, पण डिफॉल्ट एसीएल असलेल्या फोल्डरमधे यूमास्क बघितलाच जात नाही. म्हणून सेव्ह करणारा कोड कुठेकुठे आहे ते आधी शोधा, जुन्या फाइलचा एसीएल वाचून रिनेमच्या आधीच टेम्प फाइलला लावायचा, एफसीएचमॉड (कोडमधलं सीएचमॉड) करायचंच असेल तर ते अगोदर, एसीएल सगळ्यात शेवटी.

नवीन माणूस जोडणार असाल तर एसीएल_कॅल्क_मास्क लागेल, कारण नावाची एंट्री आहे आणि मास्क नाही असा एसीएल व्हॅलिड धरत नाहीत. पण हे फंक्शन मास्क लागणाऱ्या वरच्या तिघांच्या परवानग्या एकत्र करून मास्क काढतं, म्हणजे कोणी मुद्दाम मास्क आवळून ठेवला असेल तर तुम्ही एकाला जोडताना दुसऱ्यालाच लिहायची परवानगी देऊन बसाल, एसीएल बदलणारी सेटएफएसीएल -एम कमांड पण डिफॉल्टने हेच करते. मला हे सगळ्यात धोक्याचं वाटतं, तेव्हा जुना मास्क आधी वाचा, काय ठेवायचं ते ठरवा, मगच पुढे. मेमरी मोकळी करणारं एसीएल_फ्री नुसत्या एसीएलला नाही, लायब्ररीने दिलेल्या टेक्स्ट आणि क्वालिफायरला (एंट्री कोणाची ते सांगणारा युजर किंवा ग्रुपचा आयडी) पण द्यायचं.

हात लावायच्या आधी गेटएफएसीएल -आर (कॅपिटल आर) चं आउटपुट फाइलमधे घेऊन ठेवा, सेटएफएसीएल --रिस्टोअर ने तेच परत लावता येतं. बॅकअपला साधं सीपी वापरू नका, त्यात एसीएल येत नाही, सीपी -पी घ्या, किंवा आरसिंक घेतलंत तर नुसत्या -ए ने एसीएल येत नाही, सोबत कॅपिटल -ए पण द्या. आणि टेस्टसाठी दोन साधे युजर बनवा, एक एसीएलमधे नाव असलेला आणि एक नसलेला, रूटने टेस्ट करू नका, रूटला हे सगळं अडवतच नाही.