दारावरून परत पाठवलं तर

यवतमाळकडच्या कापूसपट्ट्यातल्या एका गावात मी चौदा वर्षांपासून आशा, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती आहे. साधारण हजार माणसांमागे एक आशा, त्यामुळे कोणाचा राग निघाला की पहिली मीच हाती सापडते. नव्या पोरी विचारतात, ताई, लोक टाकून बोलले तर काय करायचं? त्यांना सांगते तेच इथं लिहिते.

उंबरठ्याबाहेर थांबा आणि समोरच्याचं बोलणं पुरतं होऊ द्या. मधेच 'अहो, पण' म्हटलं की भांडण दुप्पट लांबतं.

मागच्या कार्तिकात एका बाळाला दीड महिन्याची लस दिली. रात्री ताप चढला. सकाळी विचारपूस करायला गेले तर आजी ओसरीतूनच ओरडली, "आली का वं आमच्या पोट्ट्याले मारायले? पाय नको ठेवू माह्या घरात!" कापूस वेचायला निघालेल्या बाया डोक्यावरचे डबे सावरत थांबून पाहू लागल्या. माझ्या अंगाची लाही झाली. ताप येईल हे मी आदल्या दिवशी दोनदा सांगितलं होतं, आणि तेच ओठावर आलं होतं.

तेवढं एक वाक्य गिळा. सगळ्यात अवघड तेच आहे. 'मी सांगितलं होतं' हे खरं असलं तरी चारचौघांत म्हातारं माणूस उघडं पडतं, आणि मग ते दार पुढच्या लशीलाही बंद राहतं. मी विचारलं, "आजी, रात्री घरात कोणी झोपलं का?"

ती जराशी गप्प झाली. "कोण झोपते वं बाई."

मग मला आत बोलावलं. बाळ अंगावर पीत होतं. सिस्टरनं ठरवून दिलं होतं तेवढंच तापाचं औषध पाजलं. या लशीत डांग्या खोकल्याचाही भाग असतो, त्यानं एक-दोन दिवस ताप येतो, मांडी सुजते, हे पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आवाजात 'पुन्हा' येऊ दिला नाही. बाळानं दूध सोडलं किंवा ताप उतरलाच नाही तर रात्री-बेरात्री हाक मारा, म्हटलं.

निघताना मी पेलाभर पाणी मागते. ज्यानं आत्ताच आपल्याला बोललं त्याला माफी मागणं जड जातं, पाणी देणं जड जात नाही. आमच्याकडे कोण कोणाच्या हातचं पाणी पितं याला फार अर्थ आहे, म्हणून मी ते मुद्दाम पिते. त्या घरातलं पुढच्या घरी बोलत नाही, कोणी खोदून विचारलं तरी.

आमच्या वऱ्हाडातले गाडगेबाबा, १८७६ साली शेंडगावला जन्मलेले, गावात शिरले की आधी खराटा हातात घेत. चिंध्या पाहून लोक हिडीसफिडीस करत. बाबा झाडत राहत, आणि रात्री त्याच गावाला कीर्तन सांगत. एखाद्या दारातून जड पायानं निघाले की मला तो खराटा आठवतो, आणि मी पुढचं घर गाठते.

पण कोणी हात उगारला किंवा जात काढली तर सोसत बसू नका. तिथून निघा, आपल्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताईंना आणि पोलीस पाटलांना सांगा. अनुसूचित जाती-जमातीतल्या माणसाचा जातीवरून अपमान केला तर त्यासाठी १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आहे. मी एकदा तक्रार केली आहे. आवाज चढवला नाही, पण मागेही घेतली नाही.

अडीच महिन्यांच्या लशीला ती आजी स्वतःच बाळाला घेऊन अंगणवाडीत आली. झाल्या गोष्टीचा शब्द नाही. बाळ पदराखाली घेत म्हणाली, "आजही ताप येईन का वो ताई?"

"येऊ शकते, आजी."

"मंग थे औषध आत्ताच देऊन ठेव."