पीएलसी सॉफ्टवेअरचं कोणतं व्हर्जन वापरायचं, हे कसं ठरवायचं

नवीन व्हर्जन आलं की लगेच टाकायचं, ही मोबाईलची सवय पीएलसीच्या (कारखान्यातलं मशीन चालवणारा कंट्रोलर) प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरला चालत नाही. मशीन १५-२० वर्षं चालतं, सॉफ्टवेअर मात्र सारखं बदलत राहतं, म्हणून व्हर्जन मशीन बघूनच ठरवायचं.

१. आधी लॅपटॉप जोडून सीपीयूला (पीएलसीचा मुख्य भाग) ऑनलाइन जा, मॉडेल आणि फर्मवेअर (सीपीयूच्या आतलं सॉफ्टवेअर) दोन्ही लिहून घ्या. नुसत्या लेबलवर जाऊ नका, मधे कुणीतरी फर्मवेअर अपडेट केलेलं असू शकतं.

२. मग त्या कंपनीचा नियम बघा, सगळ्यांचा सारखा नसतो. रॉकवेलच्या लॉजिक्स कंट्रोलरमध्ये फर्मवेअरचा मुख्य आकडा आणि सॉफ्टवेअरचं व्हर्जन जुळलंच पाहिजे, कंट्रोलर २० वर असेल तर ३२ नं ऑनलाइन जाताच येत नाही, आणि कंट्रोललॉजिक्सची एल६१, एल६२, एल६३ ही मॉडेल तर २० च्या पुढे जातच नाहीत. सीमेन्सच्या टीआयए पोर्टलमध्ये (त्यांचं प्रोग्रामिंग सॉफ्टवेअर) अडचण वेगळी, व्ही१६ चा प्रोजेक्ट व्ही१७ मध्ये अपग्रेड केला की तो परत व्ही१६ मध्ये उघडत नाही. मेंटेनन्सवाल्याकडे फक्त व्ही१६ असेल तर रात्री लाईन बंद पडल्यावर तो काय करणार?

३. नवीन प्रोजेक्ट असेल तर प्लांटमध्ये कोणतं व्हर्जन आहे ते आधी विचारा. मोकळीक असेल तर माझं मत, अगदी ताजं न घेता एक मागचं घ्या, ज्याचे दोन-चार अपडेट येऊन गेलेत. आणि टीममध्ये सगळ्यांकडे अपडेटसुद्धा सारखाच हवा.

४. रिलीज नोट्स वाचा, कुठलं विंडोज चालतं ते त्यातच असतं. जुन्या व्हर्जनसाठी वेगळी व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आत चालणारा वेगळा आभासी कॉम्प्युटर) ठेवलेली बरी, एकाच लॅपटॉपवर सगळं कोंबलं की पुढे त्रास होतो.

५. अपग्रेड करायचंच असेल तर कॉपीवर करा, पूर्ण कंपाईल करा, वॉर्निंग वाचा. डाउनलोडच्या वेळी सीपीयू स्टॉपला जाऊ शकतो, डेटा ब्लॉक (व्हॅल्यू साठवायची जागा) रीइनिशियलाईज होऊन रेसिपी, सेटिंग, काउंटर सगळं सुरुवातीच्या व्हॅल्यूवर येऊ शकतं, त्यामुळे चालू व्हॅल्यू आधी काढून ठेवा आणि काम शटडाऊनमध्येच घ्या, चालू लाईनवर अजिबात नको!

६. जुना प्रोजेक्ट, इन्स्टॉलर, फर्मवेअर फाईल एकत्र जपून ठेवा, आणि पॅनेलच्या दाराच्या आत व्हर्जन, फर्मवेअर, तारीख लिहून चिकटवा.