घरापुढच्या हिरवळीची निगा: सुरुवात वाफशापासून

मे महिना लागला की आमच्या गल्लीत एक तक्रार हटकून ऐकू येते. रोज संध्याकाळी पाणी मारतोय, तरी लॉन पिवळं का पडतंय? पुण्यात घरापुढे ४०० चौरस फुटांची हिरवळ लावली, तेव्हा पहिली दोन वर्षं मीही हेच विचारत होतो. उत्तर शेती करणाऱ्या मामांनी दिलं. त्यांनी गवताकडे पाहिलंच नाही. खुरपं मागितलं, कोपऱ्यात चार इंच खोल खुपसलं आणि निघालेलं ढेकूळ माझ्या नाकाशी धरलं. कुजकट वास येत होता. मुळ्या तपकिरी, आणि त्याही जेमतेम इंचभर खाली गेलेल्या. "वाफसा येऊच देत नाहीस तू," मामा म्हणाले.

जमिनीत ओल आहे आणि मातीच्या कणांमध्ये हवाही खेळते आहे, अशी अवस्था म्हणजे वाफसा. शेतकऱ्याच्या तोंडी रोजचा असलेला हा शब्द बंगल्यांच्या बागेत फारसा ऐकू येत नाही. मुळीला पाणी लागतं तशी हवाही लागते. रोज पाणी दिलं की ती हवा कोंडते, मुळी वरच वर राहते, आणि एक दुपार कडक गेली की गवत मान टाकतं. खाली जे सांगतो आहे ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

आधी खुरपं, मग पाईप

पाणी द्यायच्या आधी तीन-चार इंच खोलीवरची मूठभर माती काढा आणि मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोटाने टोचताच फुटला, तर वाफसा आहे. आज पाणी नको. गोळा चिकट राहिला आणि हाताला चिखल लागला, तर अजून दोन दिवस थांबा. गोळाच होत नसेल तर पाण्याची वेळ झाली. गवतही खूण देतं. चालत गेल्यावर पावलांचे ठसे तसेच राहिले आणि पाती मिटून निळसर-राखाडी दिसू लागली, की त्याला तहान लागली आहे.

पाणी द्यायचं ते मात्र पोटभर. १०० चौरस फुटांवर २० मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण १८५ लिटर, घरातलं २०० लिटरचं पिंप जवळजवळ रिकामं होतं. फवारा लावत असाल तर मध्ये एक सपाट डबा ठेवा आणि त्यात दोन सेंटिमीटर पाणी जमेपर्यंत किती वेळ लागतो ते एकदा मोजून ठेवा. माझ्या काळ्या मातीत एप्रिल-मे महिन्यात असं पाणी तीन-चार दिवसांनी लागतं, थंडीत आठवड्याने. मुरमाड किंवा तांबड्या मातीत अंतर कमी करावं लागेल. काळी माती पाणी सावकाश पिते, म्हणून एकदम न देता अर्ध्या तासाच्या अंतराने दोन हप्त्यांत द्या, नाहीतर निम्मं पाणी रस्त्यावर जातं.

वेळ सकाळची. संध्याकाळी भिजलेली पाती रात्रभर ओली राहतात आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. पाणीटंचाईत भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी खुशाल वापरा. पाण्याच्या फिल्टरमधून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी आणि वॉशिंग मशीनचं साबणाचं पाणी मात्र हिरवळीला रोज देऊ नका. त्यातल्या क्षारांनी माती घट्ट होत जाते. बोअरचं पाणी जड असेल, तर मातीवर पांढरी साय धरते. अशा वेळी उन्हाळ्यात मधूनमधून एकदा भरपूर पाणी देऊन क्षार खाली उतरवावे लागतात. उरलेलं काम पावसाळा करतो.

कापताना एक तृतीयांश

आपल्याकडच्या बहुतेक हिरवळी हरळीच्या किंवा तिच्या सुधारित जातींच्या असतात. गणपतीला वाहतो त्या दूर्वा म्हणजे हीच. उंची तीन ते चार सेंटिमीटर ठेवा आणि एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. म्हणजे गवत पाच-साडेपाच सेंटिमीटर झालं की यंत्र काढायचं. पावसाळ्यात ही वेळ आठ-दहा दिवसांनी येते, डिसेंबर-जानेवारीत महिनाभरसुद्धा येत नाही. गावाला जाऊन आलात आणि गवत घोट्यापर्यंत वाढलं असेल, तरी एका दिवसात खाली आणू नका. चार-पाच दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा कापा. मुळापर्यंत भादरलेल्या हिरवळीत ऊन थेट मातीवर पडतं आणि आठवड्यात तण उगवतं.

पातं धारदार हवं. कापल्यावर दुसऱ्या दिवशी गुडघ्यावर बसून पात्यांची टोकं बघा. सरळ कापली असतील तर ती हिरवी असतात. बोथट पात्याने फाटलेली टोकं पांढरट, दोरे निघाल्यासारखी दिसतात आणि सगळं लॉन दुरून करपलेलं वाटतं. बारीक कापलेलं गवत तिथेच पसरू द्या, ते खतच आहे. जाड थर बसला तर मात्र दाताळ्याने ओढून घ्या. ओल्या मातीवर यंत्र फिरवू नका आणि पायही देऊ नका. काळी माती ओली असताना तुडवली की विटेसारखी बसते.

माती मोकळी करणं

वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि पावसाच्या तोंडावर, हे काम मी स्वतः करतो, माळ्यावर सोपवत नाही. वाफसा असताना बागेतला काट्यांचा फोर्क तीन-चार इंच खोल रोवायचा, थोडा हलवायचा, काढायचा, आणि पुन्हा चार-पाच इंचांवर रोवायचा. ४०० चौरस फुटांना दोन सकाळी जातात. मग चाळलेली माती, गांडूळ खत आणि जाडसर वाळू समप्रमाणात मिसळून अर्धा सेंटिमीटर थर पसरायचा आणि झाडूने भोकांत उतरवायचा. पात्यांची टोकं वर दिसत राहिली पाहिजेत.

आमच्या घरी हिरवळ लावून देणाऱ्याने मातीखाली बांधकामाचा राडारोडा तसाच ठेवला होता. फोर्क जिथे खणकन थांबला तिथे तिथे मी खणलं आणि विटांचे तुकडे, सिमेंटची ढेपळं मिळून घमेल्यावारी माल बाहेर काढला. पिवळे ठिपके नेमके तिथेच होते. तुमच्याकडे वर्षानुवर्षं एकाच जागी गवत मरत असेल, तर औषध आणण्याआधी तिथे खणून बघा.

खताबद्दल थोडक्यात. जुनी पाती पिवळी आणि वाढ थांबलेली असेल, तर नत्र कमी आहे. १०० चौरस फुटांना फार तर १०० ग्रॅम युरिया कोरड्या पात्यांवर सारखा फेकून लगेच भरपूर पाणी द्या. पण वर्षभराचा आधार कुजलेलं शेणखत आणि गांडूळ खतच असू द्या. कोवळी पाती पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर चुनखडीच्या काळ्या मातीत लोह अडकलेलं असतं. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी फवारा. फरशीवर मात्र उडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत.

लव्हाळा

विकत आणलेल्या मातीबरोबर हे चिवट तण घरात येतं. पात चकचकीत, देठ बोटांत फिरवला की तीन धारा लागतात, आणि कापल्यावर दोन दिवसांत हरळीच्या वर डोकं काढतो. वरून उपटलात तर फक्त पात हातात येते. खाली काळसर गाठ असते, तिच्यातून दोऱ्यासारखा धागा निघून पुढच्या गाठीला जातो, तिथून तिसऱ्या. ही गाठ नखाने सोलून वास घ्या. दिवाळीच्या उटण्यातल्या नागरमोथ्याचा ओळखीचा सुगंध येईल, कारण उटण्यात पडतो तो नागरमोथा याच कुळातला.

तो काढायची वेळही वाफशाचीच. माती भुसभुशीत असताना खुरपं सहा इंच खाली घाला आणि धागा न तोडता गाठीमागून गाठ ओढत जा. धागा तुटला की मागे राहिलेली प्रत्येक गाठ आपापला कोंब काढते. एका फेरीत तो संपत नाही. दर आठवड्याला, चार-पाच पानं व्हायच्या आत कोंब काढत राहिलं की गाठीतला साठा आटतो. मला दोन पावसाळे लागले. सगळंच जाळणारं तणनाशक फवारलं तर लव्हाळ्याआधी तुमची हरळी जाईल.

हुमणी

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वेडेवाकडे तपकिरी पट्टे दिसले आणि पाणी देऊनही हिरवे होईनात, तर त्या जागचं गवत मुठीत धरून ओढा. सतरंजीसारखं उचललं गेलं तर मुळ्या खाल्लेल्या आहेत. खाली इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, तपकिरी डोक्याची पांढरी अळी सापडेल, हीच हुमणी. साळुंक्या किंवा हुदहुद एकाच जागी चोच मारत असतील, तर त्यांना ती आपल्याआधी सापडलेली असते. हाकलू नका त्यांना.

अळी मारण्यापेक्षा तिचा भुंगेरा, म्हणजे वाढ पूर्ण झालेला उडता किडा, पकडणं सोपं आहे. वळवाचे एक-दोन चांगले पाऊस झाले, की तिन्हीसांजेला भुंगेरे जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभळीवर जमतात. आम्ही शेजारी मिळून समोरच्या कडुनिंबाच्या फांद्या काठीने हलवतो आणि खाली पडलेले भुंगेरे साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकतो. एका घराने करून भागत नाही. गल्ली मिळून केलं तर पुढच्या वर्षी फरक दिसतो. शेणखत नीट कुजलेलंच घ्या, अर्धकच्च्या खतातून अळ्या येतात. जुलैच्या सुरुवातीला मेटारायझियम ही मित्रबुरशी शेणखतात मिसळून टाकली तर लहान अळ्यांवर ती चालते.

कडेची झाडं, आणि रिकाम्या जागा

वाफ्यांना वाफसा टिकवून देण्याचं काम पालापाचोळा करतो. दोन-तीन इंच थर घाला, खोडापासून चार बोटं लांब ठेवा. तो जाळणाऱ्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं की ती तुमच्या बागेची माती आहे. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसला, तर जुन्या टूथब्रशने साबणाचं पाणी लावून घासा आणि त्याला वाहून आणणाऱ्या मुंग्यांची वाट अडवा. गुलाबाची छाटणी ऑक्टोबरात, मोगऱ्याची डिसेंबर-जानेवारीत.

आंब्याखाली हरळी येत नाही, तिला भरपूर ऊन लागतं. तिथे दरवर्षी पैसे घालवू नका. अळू, हळद, आलं लावा.

उघड्या पडलेल्या जागा भरायला जूनसारखा महिना नाही. माती चार इंच खणून खत मिसळा, कडेच्या दाट भागातून मुळ्या असलेल्या हरळीच्या काड्या काढा आणि तीन इंचांवर एक अशा तिरप्या लावा, दोन पेरं मातीत आणि एक वर. पायाने हलकं दाबा. पावसाने दडी मारली तर फक्त या तुकड्याला रोज झारीने थोडं पाणी द्या, कारण मुळी फुटायची आहे. पंधरा दिवसांनी एखादी काडी दोन बोटांत धरून अलगद ओढून बघा. हाताला ओढ जाणवली की झारी बंद करा आणि या तुकड्यातही खुरप्याने वाफसा बघायला लागा.