सिडकोच्या फ्लॅटमध्ये हेवी गिटार कशी रेकॉर्ड करावी

घरात पहिल्यांदा ॲम्प लावून रेकॉर्डिंगला बसलो, तर पंधराव्या मिनिटाला वरच्या मजल्यावरच्या काकू दारात. "अरे, मिक्सर बिघडलाय का तुमचा? आईला सांग, तसाच चालवू नका, जळेल." मी म्हटलं, "काकू, गिटार आहे." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा ॲम्पकडे पाहिलं आणि काही न बोलता जिना चढून गेल्या. नंतर रेकॉर्डिंग ऐकलं, तर काकूंचं बरोबर होतं. मिक्सरच वाजत होता.

नाशकात फ्लॅटमध्ये राहून हेवी गिटार रेकॉर्ड करायची असेल तर ॲम्पचा मोह आधी सोडा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मनासारखा उघडलेला ट्यूब ॲम्प खोलीत सहज शंभरावर जातो. त्यापेक्षा गिटार थेट इंटरफेसमध्ये (गिटारचा सिग्नल कॉम्प्युटरमध्ये नेणारा डबा) घाला, कोरी, म्हणजे कुठलाही इफेक्ट न लावता, रेकॉर्ड करा आणि डिस्टॉर्शन (हेवी गिटारीचा तो खरखरीत, फाटका आवाज) नंतर सॉफ्टवेअरमध्ये चढवा. यात दुसरा फायदाही आहे. गणपतीत खिडकीखालून नाशिक ढोलाचं पथक गेलं तरी रेकॉर्डिंगमध्ये त्याचा ठोकासुद्धा येत नाही, कारण माइकच नाही.

आधी गिटार

तारा नव्या हव्यात. पावसाळ्यात इथे तारा फार लवकर गंजतात, आणि गंजलेल्या तारेची गेलेली धार कुठल्याही प्लगइनने (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) परत येत नाही. नेहमीच्या ई ट्युनिंगला १०-४६ चा सेट पुरतो (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). ड्रॉप सीला (सगळ्यात जाड तार सी सुरापर्यंत उतरवलेलं ट्युनिंग) उतरायचं असेल तर ११-५४ किंवा त्याहून जाड घ्या, नाहीतर खालची तार लोंबते आणि प्रत्येक फटक्याला सूर वर जाऊन खाली येतो.

ट्युनिंग खाली उतरवण्याची ही चाल रुजवली ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमीने. बर्मिंगहॅमच्या शीट मेटल कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटं नेमकी तीच. मग त्याने बोटांवर टोप्या चढवल्या आणि पुढे तारा सैल लावायला लागला. सातपूर-अंबडच्या प्रेस शॉपमध्ये ज्यांनी काम केलंय, त्यांना ही गोष्ट फार फोडून सांगावी लागत नाही.

गिटार सुरात लावताना तार हळूच छेडू नका. रेकॉर्डिंगमध्ये जितक्या जोरात मारणार तितक्याच जोरात मारून लावा. आणि प्रत्येक टेकआधी, म्हणजे प्रत्येक वेळी रेकॉर्ड करण्याआधी, पुन्हा तपासा. कंटाळवाणं आहे, पण दोन ट्रॅक एकमेकांवर चढले की किंचित बेसूरही उघडं पडतं.

घरघर घालवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. डिस्टॉर्शन मोठा आवाज दाबतं आणि लहान आवाज वर उचलतं. त्यामुळे कोऱ्या गिटारीत ऐकूही न येणारी घरघर गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) चढवल्यावर रिफच्या, म्हणजे गिटारीच्या मुख्य ओळीच्या, बरोबरीने उभी राहते.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून घरघरही ५०, १०० आणि १५० हर्ट्झच्या आसपास बसते, नेमकी हेवी गिटारीच्या पोटात. एकेक करून शोधा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या आकड्यावर असेल तर पंखा बंद करून बघा. एप्रिलमध्ये हे सांगणं क्रूरपणाचं आहे, पण टेकपुरतं सोसा. स्वस्त एलईडी दिवे, मोबाइलचा चार्जर, राउटर यांनाही गिटारपासून लांब ठेवा. सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन टिपणारा, एकाच वेटोळ्याचा भाग) असेल तर खुर्चीवर बसल्या बसल्या हळूहळू गोल फिरा. एका कोनात घरघर एकदम पडते. तिथेच बसून वाजवा, भिंतीकडे तोंड आलं तरी चालेल. लाइट गेली आणि साधा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर चालू झाला, तर चहा प्या. त्या विजेवर रेकॉर्डिंग करू नका.

तारांना हात लावल्यावर घरघर कमी झाली तर ते बहुतेक गिटारींत नेहमीचंच आहे. पण तारांना हात लावल्यावर मुंग्या किंवा झटका जाणवला तर लगेच थांबा. जुन्या घरांत सॉकेट तीन पिनचा असतो, पण मागे अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, गिटार नंतर.

कोरं रेकॉर्डिंग

इंटरफेसवर 'इन्स्ट्रुमेंट' किंवा 'हाय-झेड' लिहिलेलं इनपुट वापरा. त्याचा इम्पीडन्स (विद्युत अडथळा) साधारण एक मेगाओहम असतो. लाइन इनपुटला तो फार कमी असतो, त्यामुळे पिकअपवर भार येतो आणि आवाज कांबळं पांघरल्यासारखा दबतो. सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. गेन इतकाच, की सगळ्यात जोरदार फटका मीटरवर उणे १० ते उणे १२ डेसिबलपर्यंत जाईल. मीटर लाल झालं की तो टेक गेला.

बफर (कॉम्प्युटर एका वेळी किती आवाज साठवून पुढे पाठवतो ते) ६४ किंवा १२८ सॅम्पलवर ठेवा. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पल म्हणजे जवळपास २.७ मिलिसेकंद. येण्याजाण्याचा आणि ड्रायव्हरचा वेळ धरून ते वाढतं, पण एकूण दहा मिलिसेकंदांपर्यंत हाताला जाणवत नाही. साडेतीन मीटरवर ठेवलेल्या ॲम्पचा आवाज कानापर्यंत यायला तेवढाच वेळ लागतो. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा आसिओ (ASIO, आवाजाला होणारा उशीर कमी ठेवणारा) ड्रायव्हर टाका.

ॲम्प आणि कॅबिनेट

मी रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरतो. त्याच्यात न्यूरल ॲम्प मॉडेलर हे ॲम्पची नक्कल करणारं मोफत प्लगइन टाकलं की काम होतं. पण नवखी माणसं एक चूक हमखास करतात: ॲम्प लावतात आणि कॅबिनेट (स्पीकरची पेटी) विसरतात. गिटारचा स्पीकर साधारण पाच किलोहर्ट्झच्या वर फारसं काही सोडत नाही. ती चाळणी नसेल तर डिस्टॉर्शन कानाशी डास गुणगुणल्यासारखं वाटतं. म्हणून ॲम्पनंतर इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे खऱ्या कॅबिनेटचा ठसा घेतलेली छोटी वेव्ह फाइल, लावायचीच. आवाज पसंत नसेल तर ॲम्पची बटणं फिरवत बसण्याआधी ही फाइल बदलून बघा. फरक तिथेच जास्त पडतो.

ॲम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमर जातीचा ओव्हरड्राइव्ह पेडल, तोही सॉफ्टवेअरमधलाच: ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल वर, टोन मध्यावर. तो ७२० हर्ट्झच्या आसपासचा भाग पुढे आणतो आणि खालचा थुलथुलीतपणा ॲम्पमध्ये शिरण्याआधीच छाटतो. पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून मारलेले फटके) घट्ट होतात ते यामुळे. पेडलच्याही आधी नॉइज गेट (वाजवणं थांबलं की आवाज बंद करणारा), पण इतका कडक नको की शेवटची नोट मध्येच तुटेल.

आणि गेन कमी करा. एकट्या गिटारीला जेवढा गेन बरा वाटतो, त्याच्या दोन तृतीयांश ठेवून बघा. हे पटायला मला दोन वर्षं लागली.

दोनदा वाजवा

भिंतीएवढा रुंद आवाज एका गिटारीतून येत नाही. तोच रिफ क्लिकवर (मेट्रोनोमच्या ठोक्यावर) दोन वेळा, वेगवेगळा वाजवा. एक ट्रॅक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर रुंदी येत नाही, मधोमध नुसता मोठा आवाज होतो. एक कॉपी थोडी मागे सरकवण्याचा जुगाडही नको. मोबाइलच्या एकाच स्पीकरवर दोन्ही बाजू मिसळल्या की आवाज पोकळ होतो. आठ-आठ बारचे (तालाच्या आवर्तनांचे) तुकडे करून वाजवलं तरी हरकत नाही, पण दोन्ही टेकमधले पाम म्यूट एकत्र पडायला हवेत.

शेवटी छाटणी

इक्वलायझरने ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं काढून टाका. ड्रॉप सीची खालची तार ६५ हर्ट्झवर असते, तरीही काढा. तळ बास गिटारचा आहे, तिथे दोघांची धक्काबुक्की नको. वरून आठ-दहा किलोहर्ट्झनंतर कापा. तीन ते पाच किलोहर्ट्झमध्ये कुठेतरी एक शिट्टीसारखी रेघ बोचते, ती अरुंद पट्ट्याने शोधून थोडी खाली करा. हे सगळं नुसती एकटी गिटार ऐकत करू नका. ड्रम आणि बास चालू ठेवून करा. एकटी ऐकताना बारीक वाटणारी गिटार पूर्ण गाण्यात बरेचदा अगदी बरोबर बसते.

कोऱ्या ट्रॅकच्या फाइली मात्र पुसू नका. सहा महिन्यांनी चांगला ॲम्प मिळाला तर त्याच फाइली पुन्हा त्यातून काढता येतात, एकही तार न छेडता. मिक्स झाल्यावर मी तो आईच्या मोबाइलवर लावून स्वयंपाकघरातून ऐकतो. काकू अधूनमधून येतात, पण हल्ली साखर मागायला.