तिएग्वानयिन कसा चाखावा: फुलांच्या वासाचा हलका ऊलाँग

चिनी ऊलाँगचं (हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला प्रकार) पाकीट घरी आलं की पहिला प्रयोग बहुधा असा होतो: मोठ्या मगात चमचाभर पत्ती, वर गरम पाणी, पाच मिनिटं झाकण. मग निकाल लागतो, "गवताचं पाणी आहे नुसतं" किंवा "कडूजहर झालाय". पत्तीचा यात दोष नसतो. या चहाला पत्ती जास्त, पाणी कमी आणि वेळ सेकंदांत मोजायचा असतो, आणि तीच पत्ती सहा-सात वेळा वापरायची असते. इथे उदाहरण घेतलंय ते तिएग्वानयिनचं, त्यातही हिरवट, कमी भाजलेल्या प्रकाराचं. पाकिटावर त्याला 'छिंगश्यांग' म्हणतात, म्हणजे निर्मळ वासाचा. भाजलेला असतो तो 'नोंगश्यांग'. त्याची चव खमंग धान्याकडे झुकते आणि फुलांचा वास मागे पडतो. तैवानच्या मुझा भागातला तिएग्वानयिनही असाच चांगला भाजलेला असतो, म्हणून नुसतं नाव वाचून पाकीट उचलू नका.

वास येतो कुठून

फुजियान प्रांताच्या दक्षिणेला, क्वांझूच्या हद्दीत आनशी नावाचा डोंगराळ तालुका आहे. तिएग्वानयिन तिथला. 'तिए' म्हणजे लोखंड आणि ग्वानयिन म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व. आपल्याकडे कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेला अवलोकितेश्वर तो हाच, चीनमध्ये त्याचं स्त्रीरूप झालं. इंग्रजीतला 'टी' हा शब्दही याच दक्षिण फुजियानी बोलीतल्या 'ते'वरून समुद्रमार्गे युरोपात गेला. आपला 'चहा' मात्र 'छा'वरून आला.

या चहात फुलं घातलेली नसतात, अर्कही नसतो. तोडलेली पानं थोडी उन्हात मरगळू देतात, मग बांबूच्या फिरत्या ढोलात घोळतात, पसरून विसावा देतात, पुन्हा घोळतात. हे रात्रभर चालतं. कडा दुखावल्या की पानात जी उलथापालथ होते, तिच्यातून नेरोलिडॉल, इंडोल यांसारखी सुगंधी द्रव्यं तयार होतात. इंडोल मोगऱ्याच्या वासातही असतं, म्हणून तिएग्वानयिन हुंगताना मोगऱ्याची आठवण झाली तर तो निव्वळ भास नाही. नेमक्या वेळी पानं तापलेल्या कढईत टाकून ही क्रिया थांबवतात, मग फडक्यात आवळून-पिळून त्यांच्या घट्ट गोळ्या करतात. जस्मिन टी याहून वेगळी. तिथे तयार पत्तीत खरी फुलं मुरवलेली असतात.

वर्णनात हमखास 'ऑर्किडचा वास' असं लिहिलेलं सापडेल. फुलवाल्याकडच्या जांभळ्या ऑर्किडला नाक लावून काही उपयोग नाही, त्याला वासच नसतो. चिन्यांच्या मनात असतं ते कुंडीतलं, बारीक फुलांचं, मंद घमघमणारं ऑर्किड. मराठी नाकासाठी अनंताचं फूल ही जास्त जवळची खूण आहे.

खरेदी

दोन गोष्टी विचारा: तोडणी कोणत्या हंगामाची आणि कोणत्या वर्षाची. चिनी लोक म्हणतात, वसंतातलं पाणी, शरदातला वास. मेच्या सुमाराची वसंत तोडणी तोंडात दाट, मऊ लागते. ऑक्टोबरच्या सुमाराची शरद तोडणी वासाला सरस, पण अंगाने थोडी पातळ. फक्त फुलांच्या वासासाठी घेणार असाल तर शरदातला घ्या. हंगाम-वर्ष न सांगता 'प्रीमियम', 'इम्पीरियल' एवढंच लिहिलेलं असेल, तर ते पाकीट सोडून देणं बरं.

सात-आठ ग्रॅमच्या हवा काढलेल्या छोट्या पुड्या मिळाल्या तर उत्तम, एक पुडी म्हणजे एक बैठक. हा हिरवा प्रकार उघड्यावर झपाट्याने उतरतो. पुड्या फ्रीझरमध्ये ठेवायच्या, पण घट्ट झाकणाच्या डब्यात. शेजारी सुकी मासळी किंवा हिंगाची डबी असेल तर दुहेरी बंदोबस्त करा. आणि पुडी बाहेर काढल्यावर लगेच फोडू नका. तासभर तशीच राहू द्या, ती खोलीच्या तापमानाला आली की मग उघडा. पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात थंड पुडी उघडली की आतल्या गोळ्यांवर दव धरतं, आणि उरलेली पत्ती आठवड्यात मरते.

भांडं आणि पाणी

गायवान म्हणजे झाकण आणि बशी असलेली, कान नसलेली वाटी. १०० ते ११० मिली मापाचं, पांढऱ्या चिनी मातीचं, बाहेर वळलेल्या कडेचं गायवान घ्या. तपकिरी मातीची सुबक चहादाणी दिसायला छान, पण सच्छिद्र माती वरच्या नाजूक सुगंधावरच डल्ला मारते. गायवान नसेल तर पातळ चिनी मातीची लहान वाटी, वर बशी, ओतायला गाळणी, एवढ्यावर भागतं. शिवाय एक छोटा काचेचा जग आणि ३०-४० मिलीचे कप लागतील.

पाण्यात क्षार फार असले की वास दबतो. किटलीच्या तळाशी पांढरा थर धरत असेल, म्हणजे बोअरचं पाणी असेल, तर ते या चहाला नको. उलट आरओचं अगदी रितं पाणीही चव सपाट करतं. अशा वेळी आरओच्या पाण्यात थोडं साधं गाळलेलं पाणी मिसळा. क्लोरीनचा वास येत असेल तर पाणी आधी उघडं ठेवा.

आता तापमान. 'ऊलाँगला ८० अंश' हा सल्ला सगळीकडे फिरतो, तो ऐकू नका. ८० अंशांत गोळ्या उलगडतच नाहीत, आणि जड सुगंध पानातच अडकून राहतो. पाणी खळखळून उकळलेलं हवं. पुण्यात ते ९८ अंशांच्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला साधारण ९५ ला, दोन्ही चालतं. कडूपणाची भीती वाटत असेल तर वेळ कमी करा, आच नको.

पाणी काढण्याची रीत

१. गायवान, जग, कप उकळत्या पाण्याने धुऊन गरम करा आणि पाणी ओतून टाका.

२. गरम, रिकाम्या गायवानमध्ये ७ ग्रॅम गोळ्या टाका. चांगल्या घट्ट वळलेल्या गोळ्या पडताना टणटण वाजतात. झाकण लावून दोनदा हलवा, किंचित उघडून हुंगा. कोरड्या पत्तीचा वास इथेच सगळ्यात स्पष्ट येतो.

३. उकळतं पाणी ओता, पाच सेकंदांत काढून टाका. हे पत्ती स्वच्छ करण्यासाठी नाही, गोळ्यांची गाठ सैल करण्यासाठी आहे. मिनिटभर झाकून ठेवा.

४. आता प्यायचा चहा. त्याची प्रत्येक खेप म्हणजे एक 'पाणी'. पहिलं पाणी १५ सेकंद. दुसरं १० सेकंदच, कारण आता पानं उघडलेली असतात. पुढे १५, २०, ३०, ४५ आणि सातव्याला मिनिटभर किंवा जास्त.

५. प्रत्येक वेळी शेवटचा थेंब जगात उतरू द्या. तळाशी राहिलेलं पाणी पुढचा कप कडू करतं.

६. दोन पाण्यांच्या मध्ये झाकण तिरकं ठेवा. बंद ठेवलं तर पानं वाफेवर शिजतात.

बोटं भाजणं हा पहिल्या आठवड्याचा कर आहे. तो कमी करायचा तर पाणी काठोकाठ भरू नका, कडेपासून बोटभर खाली थांबा. अंगठा आणि मधलं बोट वळलेल्या कडेवर समोरासमोर, तर्जनी झाकणाच्या बोंडावर, झाकण जरासं सरकवून बारीक फट ठेवायची आणि मनगट एका दमात पूर्ण आडवं करायचं. भीतभीत हळू ओतलं की पाणी कडेवरून बोटांवर येतं.

सातच ग्रॅम का, असं वाटेल, कारण सुरुवातीला तळ जेमतेम झाकलेला दिसतो. तिसऱ्या पाण्याला झाकण उघडून बघा: पानं कडेपर्यंत फुगलेली असतात. दहा ग्रॅम घातले तर ती झाकण वर ढकलतात आणि आतली पानं दबून अर्धवट भिजतात.

चाखणं

खोलीत उदबत्ती नको, शेजारी फोडणी नको, हाताला वासाचा साबण नको. रिकाम्या पोटीही नको. एवढ्या पत्तीचं कॅफीन अंगावर येतं, हात थरथरतात, गरगरतं. सोबत चिवडा-शेव नको, बैठकीआधी साधी पोळी किंवा मूठभर शेंगदाणे खाऊन घ्या.

सुरुवात झाकणापासून करा. चहा ओतल्यावर झाकण उचला, त्यावरचं पाणी झटका, आतली बाजू नाकाजवळ आणा. एकदाच हुंगून ठेवून देऊ नका, तीनदा हुंगा. कढत असताना वाफेबरोबर हिरवा, ताज्या तोडलेल्या पानाचा वास येतो. कोमट झाल्यावर फूल वर येतं. गार झाल्यावर जो मागे राहतो, लोण्यासारखा किंवा दुधाळ गोड, तो पत्तीचा खरा दर्जा सांगतो. हलक्या मालात गार झाकण मुकं होतं.

मग रंग: फिकट, हिरवट पिवळा आणि नितळ.

घोट छोटा घ्या, आणि चक्क भुरका मारा. बशीतला चहा भुरकणाऱ्यांना हे शिकवायला नको. भुरक्याबरोबर हवा आत जाते आणि वास घशामागून नाकात चढतो. घोट जिभेवर सगळीकडे फिरवा, गिळा, तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. फुलांचा वास सगळ्यात जास्त इथेच सापडतो, कपावर नाक धरून नव्हे. आता पुढचा घोट घ्यायची घाई करू नका. अर्ध्या मिनिटात जिभेच्या मागे, घशाशी गोडवा उमटतो. चिनीत त्याला 'हुईगान' म्हणतात, परतून येणारा गोडवा. आवळा खाऊन वर पाणी प्यायलं की जे होतं, तेच. तिएग्वानयिनच्या बाबतीत वास, दाटपणा आणि हा गोडवा मिळून जे रेंगाळतं त्याला 'ग्वानयिन युन' असं नाव आहे. पहिल्या पाण्यात ते शोधू नका, तिसऱ्या-चौथ्यात शोधा.

कप रिकामा झाला की तळ हुंगा. तिथे फूल कमी आणि पाकासारखा गोडसर वास जास्त येतो.

दोन चहांची तुलना करायची असेल तर ही पद्धत बाजूला ठेवा. चीनमध्ये ऊलाँगची परीक्षा ११० मिलीला ५ ग्रॅम आणि २, ३, ५ मिनिटं अशा तीन पाण्यांत होते. प्यायला तो चहा तीव्र लागतो, पण दोष लपत नाहीत.

बिघडलं तर

कडू आणि तोंड ओढणारा तुरट झाला, तर बहुधा झाकण हुंगण्याच्या नादात पानं पाण्यातच राहिलेली असतात. आधी ओता, मग हुंगा. पुडीच्या तळाचा चुरा जास्त आला तरी हेच होतं, अशा वेळी प्रत्येक पाणी पाच सेकंदांनी कमी करा. शिजलेल्या पालकासारखा वास आला तर झाकण बंद राहिलं होतं. वाळल्या गवतासारखं सपाट लागत असेल तर माल जुना आहे किंवा उष्णतेत पडून होता, त्याला इलाज नाही. पहिल्या पाण्याला अत्तराची बाटली फुटल्यासारखा घमघमाट आणि तिसऱ्याला काहीच नाही, असं झालं तर वरून सुगंध मारलेला असण्याची दाट शक्यता आहे. खरा वास पायरीपायरीने उतरतो.

शेवटी पानं पांढऱ्या बशीत पाण्यावर पसरून बघा. ती जाड, मऊ, तुकडे न झालेली असावीत. कडा कुरतडल्यासारख्या दिसल्या तर घाबरू नका. आजच्या हिरव्या प्रकारात लालसर झालेल्या कडा झोडून काढून टाकतात. जुन्या पद्धतीच्या मालात मात्र लाल किनार शाबूत असते.

आणि सात पाण्यांनंतर ही पानं लगेच फेकू नका. काचेच्या बरणीत अर्धा लिटर गार पाण्यात टाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी गाळून प्या.