लिबएल्फने ऑब्जेक्ट फाइल वाचताय? या चुका टाळा

डॉट ओ, म्हणजे कंपाइल करून तयार झालेल्या ऑब्जेक्ट फाइलच्या आत डोकवायचं म्हटलं की बरेच जण सरळ एफओपन करून बाइट मोजत बसतात. ६४ बिटच्या फाइलवर ते चालतंही, मग कोणीतरी ३२ बिटची फाइल हातात देतं आणि सगळा बट्ट्याबोळ, कारण फाइलच्या सुरुवातीचा हेडर तिथे ६४ ऐवजी ५२ बाइटचा असतो आणि सिम्बॉलच्या (फंक्शन, व्हेरिएबलच्या नावाच्या नोंदीच्या) स्ट्रक्चरमधल्या फील्डचा क्रमसुद्धा वेगळा. ही कटकट लिबएल्फ या सी लायब्ररीतली (ती एल्फ नावाच्या फॉरमॅटमधल्या अशा फाइल वाचते) जीएल्फवाली, म्हणजे ३२ आणि ६४ बिट दोन्हीला चालणारी, फंक्शन्स परस्पर निस्तरतात, तेव्हा तीच वापरा.

आता पहिली ठेच. फाइल उघडणाऱ्या एल्फ_बिगिनच्या आधी एल्फ_व्हर्जनला ईव्ही_करंट देऊन कॉल करावाच लागतो, नाहीतर फाइल कितीही चांगली असली तरी नल, म्हणजे रिकामा पॉइंटरच, हातात येतो आणि आपण उगाच फाइलची परमिशन तपासत बसतो. एरर बघायला एल्फ_एररएमएसजीला उणे एक द्या. त्याच्या आधी एल्फ_एररनो कॉल केलात तर एरर तिथेच पुसली जाते, हे मला फार उशिरा कळलं.

उलटीही गंमत आहे. एल्फ_बिगिनने नल दिला नाही म्हणजे फाइल एल्फच आहे असं मुळीच नाही! साधी टेक्स्ट फाइल दिली तरी तो निमूटपणे हँडल देतो. म्हणून लगेच एल्फ_काइंड विचारा. एल्फ_के_एल्फ आलं तर पुढे जा, एल्फ_के_एआर आलं तर ती डॉट ए वाली आर्काइव्ह आहे, तिच्यातली एकेक फाइल एल्फ_नेक्स्टने घ्यावी लागते, आणि एल्फ_के_नन आलं तर राम राम.

माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो बीएसएसने, म्हणजे शून्यापासून सुरू होणाऱ्या ग्लोबल व्हेरिएबलच्या सेक्शनने (सेक्शन म्हणजे फाइलचा एकेक भाग). प्रत्येक सेक्शनचा डेटा कॉपी करणारं छोटंसं टूल लिहिलं होतं, टेक्स्ट झाला, डेटा झाला, बीएसएसला आलं की सेगफॉल्ट. जीडीबी डीबगरमध्ये बघितलं तर डी_साइज, म्हणजे आकार, ४०९६ आणि डी_बफ, म्हणजे डेटाचा पॉइंटर, शून्य. अर्थात! बीएसएसला फाइलमध्ये जागाच नसते, टाइप नोबिट्स, नुसता आकार नोंदवलेला असतो. साइज बघून मेमकॉपी मारली की मेलात, आधी पॉइंटर तपासा.

सेक्शनचं नाव काढताना हेडरमधला ई_एसएचस्ट्रएनडीएक्स (नावांचा तक्ता कितव्या सेक्शनमध्ये आहे तो आकडा) थेट वापरू नका. सेक्शन ६५,२८० च्या पुढे गेले की तो आकडा तिथे मावत नाही आणि खरा आकडा दुसरीकडे ठेवतात. एवढे सेक्शन कोणाचे होतात म्हणाल, तर टेम्प्लेटने भरलेलं सी प्लस प्लस प्रत्येक फंक्शनला वेगळा सेक्शन द्यायच्या फ्लॅगने कंपाइल करून बघा. एल्फ_गेटएसएचडीआरस्ट्रएनडीएक्स हे लांबलचक नावाचं फंक्शन ते बरोबर शोधून देतं.

सिम्बॉल मोजताना एसएच_साइज भागिले एसएच_एंटसाइज (सेक्शनचा आकार भागिले एका नोंदीचा आकार) करतो आपण, पण मोडक्या फाइलमध्ये एंटसाइज शून्य असू शकतो आणि मग शून्याने भागाकार, प्रोग्रॅम आडवा. आणि सिमटॅब, म्हणजे सिम्बॉलचा पूर्ण तक्ता, सापडलाच नाही तर घाबरू नका, बायनरी स्ट्रिप केलेली, म्हणजे तो तक्ता काढून टाकलेली असेल, डायनसिममध्ये, म्हणजे डायनॅमिक लिंकिंगच्या छोट्या तक्त्यात बघा.

क्लीनअपचं म्हणाल तर एल्फ_एंड हँडल सोडतो पण फाइल डिस्क्रिप्टर बंद करत नाही, क्लोज आपणच करायचा, तोही एल्फ_एंडच्या नंतर, कारण डेटा बऱ्याचदा मागितल्यावरच वाचला जातो. एल्फ_स्ट्रपीटीआरने दिलेली नावं एल्फ_एंडनंतर वापरायची तर आधी स्ट्रडपने कॉपी करून ठेवा. नाहीतर कधी बरोबर नाव दिसतं, कधी कचरा, आणि ज्या दिवशी बरोबर दिसतं त्या दिवशी आपण कोड पुश करून मोकळे.

बाकी हेडर फाइलच सापडत नसेल तर उबुंटूवर लिबएल्फ-डेव्ह आणि फेडोरावर एल्फयुटिल्स-लिबएल्फ-डेव्हेल टाका, आणि कंपाइल करताना लायब्ररी लिंक करायचा फ्लॅग सोर्स फाइलच्या नंतर लिहा, आधी लिहिलात तर अनडिफाइन्ड रेफरन्सची रांग लागू शकते.